हंगामाआधीच्या याद्या आणि पाचवा गडी: अमेरिकेतल्या शालेय क्रॉस कंट्रीचे तगडे संघ

रानवाट

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या शाळांचे क्रॉस कंट्रीचे, म्हणजे ट्रॅक सोडून गवत-माती-चढावरून धावायच्या शर्यतींचे, सराव रीतसर सुरू होतात आणि त्याच सुमारास 'देशातले अव्वल २५ संघ' छापाच्या याद्या बाहेर पडतात. अजून एकही शर्यत झालेली नसते, तरी पहिला कोण आणि सहावा कोण यावर लोक हमरीतुमरीवर येतात.

माझं म्हणणं असं की या याद्या खालून वर वाचाव्यात. मथळ्यात ज्या पोराचं नाव झळकतं, तो जिंकला तर संघाला एक गुण मिळतो. संघ तरतो किंवा बुडतो तो पाचव्या गड्यापाशी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात. संघातून सात जण धावतात. पहिल्या पाचांचे क्रमांक बेरजेला धरतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. सहावा-सातवा बेरजेत नसतात, पण समोरच्या संघाच्या पाचव्याच्या आधी पोचले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. पहिले पाचही एकाच संघाचे आले तर १५ गुण, त्याहून भारी काही नाही. पाचपेक्षा कमी जणांनी शर्यत पुरी केली तर संघ बाद.

तर प्रश्न असा: हंगामाआधी कुठल्या संघांवर विश्वास टाकावा, आणि तो कशाच्या जोरावर?

पोटरी_दुखते

वाचतेय. पहिल्या पानावर जागा धरून ठेवली.

सातवा_गडी

रानवाट, शंभर टक्के अनुमोदन. समजा 'अ' संघाचे क्रमांक १, २, ३, ४ आणि ४०. बेरीज ५०. 'ब' संघाचे ८, ९, १०, ११, १२. बेरीज तीही ५०. आता बरोबरी सोडवायची तर सहाव्या गड्याकडे बघतात. 'ब'चा सहावा पंधरावा आला आणि 'अ'चा साठावा, तर शर्यतीतले पहिले चारही क्रमांक घेऊन 'अ' हरला.

एका संघाला सहावा गडीच नसेल तर ज्याच्याकडे आहे तो जिंकतो. दोघांकडेही नसेल तर पहिल्या चारांची बेरीज बघतात. म्हणून शहाणे कोच सहाव्या-सातव्यालाही तेवढ्याच तळमळीने तयार करतात.

खवचट_खंडू

म्हणजे गुण नसलेलेही उपयोगी असतात. आमच्या ऑफिसात हे कुणी सांगत नाही.

आकडेमोड

यादी कशी बनते ते सांगतो, म्हणजे तिच्यावर किती विसंबायचं ते ज्याचं त्याला ठरवता येईल. हे घरबसल्या कुणालाही जमेल.

गेल्या वर्षीच्या राज्य अंतिम शर्यतीचा निकाल घ्यायचा. बारावीची मुलं खोडायची, कारण ती कॉलेजात गेली. उरलेल्यांना नव्याने क्रमांक द्यायचे आणि बेरीज करायची. मग प्रत्येकाची वसंतातली ट्रॅकवरची ३२०० मीटरची वेळ शेजारी लिहायची. मुलांमध्ये ९:२० च्या आसपास ३२०० धावणारा साधारण चढउताराच्या मैदानावर ५ किमी १५:२० ते १५:४० मध्ये काढतो. ज्याची ट्रॅकची वेळ चांगली आणि शरदातला निकाल वाईट, तो एकतर आजारी होता किंवा त्याला चढ झेपत नाही. यातलं नेमकं कुठलं ते कळेपर्यंत त्याला निम्मंच मोजायचं.

याद्या चुकतात त्या तीन ठिकाणी. नववीत येणारी मुलं हिशोबात नसतात. उन्हाळ्यात जखमी झालेल्याची बातमी ऑक्टोबरपर्यंत बाहेर येत नाही. आणि कोच बदलला तर कागदावर सगळं जसंच्या तसं दिसतं, मैदानावर तसं राहत नाही.

अजून एक आकडा जरूर बघावा: पहिल्या आणि पाचव्या गड्यातलं सेकंदांचं अंतर. ३० सेकंदांच्या आत असेल तर तो खरा घोळका. दीड मिनिट असेल तर तो संघ दोन चांगल्या पोरांचा आहे, बाकीचे सोबतीला.

माळरान

आकडेमोड, वेळा सरसकट शेजारी ठेवता येत नाहीत हेही लिहा की. इलिनॉयची राज्य शर्यत पिओरियाच्या डेटवायलर पार्कात होते आणि ती ५ किमी नसून ३ मैलांची असते. ३ मैल म्हणजे ४८२८ मीटर. उरलेल्या १७२ मीटरना १५:३० च्या वेगाने साधारण ३२ सेकंद लागतात. ही बत्तीस सेकंद विसरून इलिनॉयच्या पोरांना डोक्यावर घेणारे दरवर्षी भेटतात.

कॅलिफोर्नियाची राज्य शर्यत फ्रेस्नोच्या वुडवर्ड पार्कात पूर्ण ५ किमी. पण तिथल्याच हंगामातल्या बऱ्याच शर्यती ३ मैलांच्या. माउंट सॅक कॉलेजातल्या शर्यतीचा जुना मार्ग त्याहूनही थोडा कमी, पण त्यात नागमोडी चढ, पूप आउट हिल आणि शेवटी रिझर्व्हॉयर हिल. अंतर कमी आणि धाप जास्त. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलंट पार्कात मॅनहॅटन इन्व्हिटेशनल अडीच मैलांची. न्यू जर्सीच्या होल्मडेल पार्कात ५ किमी, मध्ये 'बोल' नावाचा खड्डा. उतरताना पाय मोकळे सोडले की वर येताना पोटऱ्या बोलतात.

आकडेमोड

बरोबर. त्यासाठीच टली रनर्स या संकेतस्थळाच्या स्पीड रेटिंगची पद्धत लोक मानतात. मैदान, चिखल, वारा यांचा हिशोब घालून प्रत्येक धावकाला एक अंक मिळतो. एक गुण म्हणजे साधारण ३ सेकंद. दोघांच्यात १० गुणांचा फरक म्हणजे एकाच मैदानावर अर्धा मिनिट. ही पद्धत न्यूयॉर्कमधून पुढे आली, कारण तिथे प्रत्येक पार्काचा स्वभाव वेगळा आणि वेळेवरून काही बोध होत नाही.

खारूताई

मला एक कळत नाही. हे राष्ट्रीय विजेतेपद नक्की कोण देतं? राज्य संघटना तर राज्यापुरतीच असते ना?

रानवाट

खारूताई, म्हणूनच राष्ट्रीय पातळीवर शाळेचा संघ 'शाळा' म्हणून धावत नाही. नाइकी क्रॉस नॅशनल्स २००४ पासून ओरेगनमधल्या पोर्टलंडला होते, डिसेंबरच्या सुरुवातीला. आधी पोर्टलंड मेडोज या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर व्हायची, नंतर ग्लेन्डोव्हीअर गोल्फ कोर्सवर गेली. २२ संघ, म्हणजे १५४ गडी, शिवाय संघाविना पात्र ठरलेले वैयक्तिक धावक. बहुतेक संघ विभागीय शर्यतीतून थेट येतात, चार जागा निवड समिती भरते. संघटनेच्या नियमांमुळे सगळे क्लबच्या नावाने उतरतात. न्यूयॉर्कची फेएटव्हिल-मॅनलियस शाळा 'मॅनलियस' क्लब म्हणून, आणि इलिनॉयच्या एल्महर्स्टची यॉर्क शाळा चक्क 'क्रॉय' म्हणून. यॉर्कची इंग्रजी अक्षरं उलटी लिहा.

दुसरी जुनी स्पर्धा बरीच वर्षं फूट लॉकरच्या नावाने ओळखली गेलेली, १९७९ मध्ये किनी या नावाने सुरू झालेली. तिची अंतिम फेरी बरीच वर्षं सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कात झाली. पण ती व्यक्तींची, संघांची नव्हे. या धाग्यात तिला मागच्या बाकावर बसवू.

खवचट_खंडू

आपल्याकडे 'नवजीवन विद्यालया'ने काय करावं? उलटं केलं तरी तेच.

पोटरी_दुखते

खंडू =)) =))

लांबपल्ला

यॉर्कचा विषय निघाला म्हणून. जो न्यूटन यांनी या एकाच शाळेत अर्धशतकाहून जास्त काळ कोचिंग केलं आणि इलिनॉयची २८ राज्य विजेतेपदं मिळवली. २००४ ची पहिली राष्ट्रीय संघस्पर्धाही यॉर्कच्याच मुलांनी जिंकली. २०१७ मध्ये ते गेले.

त्यांच्या यशाचं गणित माझ्या मते संख्येत आहे. पथकात दीडदोनशे पोरं. सगळी एकाच वेळी सरावाला. इतक्यांतून सातवा गडी निवडायचा तर तोही दुसऱ्या शाळेच्या दुसऱ्या गड्याइतका निघतो. शिवाय रोज प्रत्येक पोराशी हस्तांदोलन करून, त्याच्या नावाने बोलून मगच त्याला घरी सोडायची शिस्त. दोनशेव्या पोरालाही कोच ओळखतो म्हटल्यावर तो पुढच्या वर्षी परत येतो, आणि उन्हाळाभर धावून येतो. याद्यांमध्ये हा रकाना नसतो.

उंचसखल

संख्या वगैरे ठीक, पण आजचं खरं कारण उंची. अमेरिकन फोर्क, हेरिमन, लोन पीक या युटाच्या शाळांची नावं वरच्या याद्यांमध्ये वारंवार का येतात? ती पोरं १४००-१५०० मीटरवर राहतात आणि तिथेच धावतात. कोलोराडोत त्याहून वर. डिसेंबरात समुद्रसपाटीजवळच्या पोर्टलंडला उतरली की त्यांचं काम अर्ध्याने सोपं.

लांबपल्ला

अर्ध्याने? मग यॉर्क, मॅनलियस आणि व्हर्जिनियाची लाउडन व्हॅली यांचं काय? लाउडन व्हॅलीच्या मुलांनी २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं पोर्टलंड जिंकलं. पर्सेलव्हिल गाव काही डोंगरमाथ्यावर नाही. मार्क आणि जोन हंटर या जोडप्याने तिथे कोचिंग केलं.

उंचीचा फायदा आहेच, पण ती पुरेशी असती तर उंचावरची प्रत्येक शाळा यादीत दिसली असती. युटात तसं होत नाही. त्याच दोनचार शाळा पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणजे फरक शाळेत आहे, हवेत नाही.

उंचसखल

'अर्ध्याने' मागे घेतो. पण कॅलिफोर्नियाचे कितीतरी संघ ऑगस्टात मॅमथ लेक्स किंवा बिग बेअरला शिबिरं घेतात, ती काय सहल म्हणून?

झरा

दोन्ही बरोबर, पण शिबिराला जाऊन काय करतात ते महत्त्वाचं. दहाबारा दिवसांत रक्तात फार मोठा फरक पडत नाही, त्याला तीनचार आठवडे लागतात. शिबिराचा खरा फायदा वेगळाच: गारवा, मऊ मातीच्या वाटा, दुपारची झोप, आणि मोबाइलला रेंज नसणं. चूक होते ती पहिल्या तीन दिवसांत. पोरं घरच्याच वेगाने धावतात, चौथ्या दिवशी डोकं दुखतं, भूक जाते आणि शिबिर संपेपर्यंत पाय शिशाचे. वर गेल्यावर पहिले तीनचार दिवस किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू धावायचं, पाणी वाढवायचं, आणि जोराचा सराव पाचव्या दिवसाआधी नाही.

खारूताई

मग उन्हाळ्यात नक्की काय करतात हे तगडे संघ? काही मापं सांगा ना.

झरा

मापं शाळेगणिक बदलतात, पण साधारण चित्र असं.

जून ते ऑगस्ट, दहाबारा आठवडे. मुख्य संघातली अनुभवी मुलं आठवड्याला ८० ते १०० किमी, मुली ५५ ते ८०, नववीत येणारी ३० ते ४५. दर तिसऱ्याचौथ्या आठवड्याला अंतर पाचव्या हिश्शाने कमी. आठवड्यातून एक लांब धाव, एकूण अंतराच्या पाचव्या भागाहून थोडी जास्त. एक दिवस दमसास वाढवणारा मध्यम जोराचा सराव: १ किमीचे ६ ते ८ फेरे, मध्ये ६० सेकंद विश्रांती, आणि शेवटच्या फेऱ्यानंतर 'अजून एक झाला असता' असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर वेग चुकला. आठवड्यातून दोनदा सोप्या धावेनंतर १०० मीटरचे सहा मोकळे झपाटे. एवढंच. जुलैत छाती फुटेस्तोवर धावणारा संघ नोव्हेंबरात दिसत नाही.

गडबड होते ती शाळा उघडल्यावर. सकाळी लवकर उठणं, दिवसभर बाकावर, जेवण घाईचं, आणि त्यात मंगळवारी-बुधवारी शेजारच्या शाळेशी सामना, शनिवारी मोठी शर्यत. अंतर तेवढंच, झोप दीड तासाने कमी. सप्टेंबरअखेर नडगी दुखायला लागते. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी बंद आणि तपासणी. सगळ्या नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं, त्याला आठवडाभर कमी अंतर आणि नवे बूट बहुतेक पुरतात.

पोटरी_दुखते

नाण्याची खूण लिहून ठेवली. सदस्यनाम बदलावं लागेल बहुतेक.

शेवंता

मुलींच्या संघांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. फेएटव्हिल-मॅनलियसच्या मुलींनी २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षं पोर्टलंड जिंकलं. २०१३ मध्ये मिनेसोटाच्या वेझेटाने ती साखळी तोडली. २०१४ मध्ये मॅनलियसने मुलं आणि मुली दोन्ही विजेतेपदं नेली. त्यांचे कोच बिल ॲरिस. त्यांनी पर्सी सेरुटी या ऑस्ट्रेलियन कोचचा 'स्टोटन' विचार उचलला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर जिंकणारा हर्ब एलियट याच सेरुटींचा शिष्य. स्टोइक आणि स्पार्टन यांची सांधणी म्हणजे स्टोटन: साधं खाणं, वेळेवर झोप, चढावर धावणं आणि मी आधी की संघ आधी या प्रश्नाचं उत्तर रोज द्यायचं.

आता याद्यांची गोष्ट. मुलींची यादी मुलांच्या पद्धतीने बनवली की चुकते. मुलगा नववी ते बारावी बहुधा दरवर्षी वेगवान होतो. मुलीचं तसं सरळ रेषेत होत नाही. नववीत अफाट धावलेली मुलगी दहावी-अकरावीत शरीर बदलतं तेव्हा वर्षभर थांबल्यासारखी वाटते आणि बारावीत पुन्हा उसळी घेते. त्या मधल्या वर्षात 'वजन कमी कर' म्हणणारा कोच तिला कायमची गमावतो. याच्या उलट, पाळी थांबली तर ती 'फिटनेस'ची खूण नाही. खाणं कमी पडतंय, हाडं ठिसूळ होतायत आणि पुढच्या हंगामात फ्रॅक्चर वाट बघतंय.

आणखी एक: फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. मग पहिला मैल बरा जातो आणि तिसऱ्या मैलात पाय हलत नाहीत. ऑगस्टात एकदा तपासणी, पुन्हा ऑक्टोबरात. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि दूध-चहासोबत नको. संत्र्याचा रस चालतो. दोनअडीच महिने लागतात, म्हणून नोव्हेंबरात जाग येऊन उपयोग नाही.

म्हणून मुलींच्या संघात मी अकरावी-बारावीच्या किती जणी तीन वर्षं टिकल्या आहेत ते मोजते. तीच त्या कोचची खरी क्रमवारी.

लांबपल्ला

शेवंताताई, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा कुणीतरी.

माळरान

+१

नळदुर्ग

अवांतर: आपल्याकडे यातलं काही आहे का? सैन्याच्या क्रॉस कंट्रीतून अविनाश साबळे पुढे आला, एवढं माहीत आहे.

सातवा_गडी

हो, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा साबळे महार रेजिमेंटमध्ये गेला, २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत धावला आणि मग स्टीपलचेसकडे वळला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० मध्ये रौप्य. नाशिककडची कविता राऊतही अशीच रानावनातल्या वाटांवरून ट्रॅकवर आलेली. पण आपल्याकडे शाळेचा 'संघ' म्हणून सात पोरांना चार वर्षं एकत्र घडवायची रीत नाही. एकटा पळतो, एकटा पुढे जातो किंवा एकटाच सुटतो. धागा भरकटायच्या आत मूळ विषयावर येऊ.

काजवा

इलिनॉयच्या नेपरव्हिलमध्ये मराठी मंडळी भरपूर, त्यांना तिथली न्यूक्वा व्हॅली शाळा माहीत असेलच. २००७ चा राष्ट्रीय विजेता संघ तिचाच. तेव्हा धावक ख्रिस डेरिक त्यांच्याकडे होता.

माझा मुद्दा न्यूबरी पार्कचा. कॅलिफोर्नियाच्या व्हेंच्युरा काउंटीतली शाळा. २०१९ मध्ये निको यंग वैयक्तिक पहिला आणि संघही पहिला. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पोर्टलंडची स्पर्धा झाली नाही. २०२१ च्या डिसेंबरात ते अलाबामातल्या हंट्सव्हिलला रनिंगलेनच्या शर्यतीत उतरले. मैदान सपाट, कोरडं. कॉलिन सॅलमनने ५ किमी १४:०३ मध्ये काढले. लिओ आणि लेक्स हे यंग जुळे भाऊ पाठोपाठ. २०२२ च्या पोर्टलंडला कॉलिन नव्हता, तरी त्याचा धाकटा भाऊ ॲरन पहिला आला आणि संघही जिंकला.

दोन कुटुंबांतले भाऊ एकाच शाळेत, एकाच काळात. कोच शॉन ब्रॉस्नन यांचं काम मोठंच, पण ही जुळणी कुठल्या यादीत मोजणार? ती पोरं कॉलेजात गेली आणि ते युग संपलं. म्हणून एखादा संघ 'तगडा' की 'तगडी शाळा' हे वेगळं ठेवावं.

आकडेमोड

काजवा, हेच. कॉलिन गेल्यावरही जिंकले याचं कारण जागा भरायला गडी तयार होता. कोणीही गेला तरी बेरजेत सहावा येतो. पाचवा गेला आणि सहावा त्याला चिकटून असेल तर नुकसान दोनचार गुणांचं. पाचवा गेला आणि सहावा अर्धा मिनिट मागे असेल तर पोर्टलंडच्या घोळक्यात नुकसान पन्नाससाठ गुणांचं. तिथे मधल्या गर्दीत १० सेकंदांत पंधरावीस पोरं आत येतात.

खवचट_खंडू

दादरच्या जिन्यावर सकाळी ९:१० ला असंच होतं.

माळरान

वेळापत्रकाबद्दल कुणी बोललं नाही. कॅलिफोर्नियाची राज्य शर्यत थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) लगतच्या शनिवारी, म्हणजे पोर्टलंडच्या जेमतेम आठवडाभर आधी. त्यांना वेगळी विभागीय पात्रता नाही, राज्य शर्यतीवरूनच निवड होते. इलिनॉयची राज्य शर्यत नोव्हेंबरच्या सुरुवातीला, युटाची तर ऑक्टोबरअखेरीला. त्यांना पुढे महिनाभर धार टिकवायची असते. ज्या कोचने ऑक्टोबरातच अंतर निम्मं करून पोरांना ताजं केलं, त्याचा संघ डिसेंबरात बोथट. उलट कॅलिफोर्नियावाल्यांनी राज्य शर्यतीत सगळं ओतलं तर सात दिवसांत पाय भरत नाहीत. यादी वाचताना राज्य शर्यतीची तारीख जरूर बघा.

टाचणी

आणि बुटांचे खिळे! पोर्टलंड म्हणजे डिसेंबरचा पाऊस. कॅलिफोर्नियाची पोरं हंगामभर कोरड्या मातीवर ६ मिमीच्या खिळ्यांवर धावलेली असतात. ओल्या गवतावर तेच घातले की पहिल्या वळणावर पाय सटकतो. गवत ओलं असेल तर ९, चिखल असेल तर १२ मिमी. आदल्या दिवशी मैदान चालून बघायचं, खिळे तेव्हाच बदलायचे. आटे गंजले असतील तर शर्यतीच्या सकाळी पान्याने खिळ्याचं डोकंच झिजतं आणि मग बूट घेऊन पळापळ. खिळा बसवताना आट्याला थोडं व्हॅसलिन लावलं की पुढच्या वेळी सहज निघतो. नाडीची दुहेरी गाठ, वरून चिकटपट्टी. चिखल बूट ओढून घेतो, आणि पाचव्या गड्याचा बूट गेला की वर आकडेमोड यांनी दिलेला हिशोब लागू.

उंचसखल

आदल्या दिवशी मैदान चालणं हा सल्ला सोन्याचा. सुरुवातीच्या रेषेपासून पहिलं वळण किती लांब आहे तेही मोजावं. अंतर कमी असेल तर पहिल्या दोनशे मीटरमध्ये पुढे जावं लागतं, नाहीतर दीडशे पोरं एकाच नरसाळ्यात शिरतात. पण तिथे भावनेच्या भरात पहिला किलोमीटर १० सेकंद जास्त वेगाने गेला की चौथ्यात त्याची दुप्पट वसुली. पाचवा गडी तिथेच जातो. पहिल्या गड्याच्या पाठीला लागून.

खारूताई

इतकं वाचलं. आता मूळ प्रश्न. रानवाट, तुम्ही स्वतः या हंगामाआधी कोणाला वर ठेवाल?

रानवाट

नावांऐवजी गाळण्या सांगतो. नावं त्यातून आपोआप पडतात.

गेल्या वर्षीच्या पहिल्या सातांतले किमान पाच परत येतायत का? त्या पाचांत पहिला ते पाचवा अंतर ४० सेकंदांच्या आत आहे का? कोच तोच आहे का? मुलींच्या संघात वरच्या वर्गातल्या मुली टिकल्यात का, हे शेवंताताईंचं. सहावा गडी पाचव्याच्या १५ सेकंदांत आहे का? या पाचही गाळण्यांतून उतरणारे संघ दरवर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना वर ठेवावं, मग ते युटाचे असोत की व्हर्जिनियाचे. फक्त पहिल्या दोन गाळण्यांतून गेलेले असतील तर दहाच्या खाली. एकच महान धावक आणि बाकी अंधार असेल तर यादीबाहेर, मथळा त्याचा कितीही मोठा असो.

सप्टेंबरातल्या रात्रीच्या जलद शर्यतींवरून, वुडबिजसारख्या, यादी बदलायची नाही. तिथे सगळेच उडतात. पहिला बदल ऑक्टोबरात, एखाद्या चढाच्या मैदानावर सातही जण उतरल्यावर.

लांबपल्ला

एक भर. कोच मुद्दाम एखाद्याला विश्रांती देतात, त्यामुळे ऑक्टोबरचा निकाल बघताना सातही नावं तीच आहेत का ते तपासा. सहा जण धावले आणि संघ चौथा आला, की लोक लगेच 'घसरले' म्हणतात. पाचवा त्या दिवशी आठवीतल्या बहिणीच्या वाढदिवसाला गेला असेल.

आकडेमोड

किंवा नडगीवर नाण्याएवढी जागा दुखत असेल.

पोटरी_दुखते

मी काही बोलत नाहीये.

टाचणी

रानवाट, पाच गाळण्यांचा तक्ता करून वरच्या लेखात टाका. पहिल्या शर्यती झाल्या की इथेच रकाने भरू. वुडबिज नव्हे, वुडब्रिज. तेवढं दुरुस्त करा.

रानवाट

केलं असतं, पण संपादनाची मुदत संपली. तक्ता उद्या खाली टाकतो. सहाव्या गड्यासाठी वेगळा रकाना ठेवतोय.